दुसऱ्या घराच्या हिशेबात सरकार कुठे मांडायचं?

पत्राचा सारांश : पत्रलेखक पन्नाशीच्या पुढचे, नोकरदार. राहतं घर कर्जमुक्त आहे. आता भाड्याने देण्यासाठी दुसरं घर घ्यायचं मनात आहे. किंमत 100 धरली तर 40 स्वतःचे आणि 60 कर्जाचे, कर्जाचा व्याजदर 8 टक्के. वर्षाचं भाडं 4 येईल आणि दरवर्षी 10 टक्के वाढेल, असा अंदाज. पाच वर्षांनी घर विकायचं. मित्राने सांगितलं होतं, ‘भाड्यातच हप्ता निघेल.’ पण प्रत्यक्षात खरेदीवरचा कर, नोंदणी, दलाली, वकील मिळून 8 लागतात असं कळलं. वर स्थानिक कर आणि देखभाल मिळून दरसाल 0.8. त्यातच दुसऱ्या घरावर जादा कर आणि भाडेवाढीवर मर्यादा येणार, अशी चर्चा सुरू झाली. ते लिहितात, ‘सरकार आमच्यासारख्यांच्या मुळावरच उठलंय. भाऊ म्हणतो, कर भाडेकरूवर टाकून मोकळा हो. दलाल म्हणतो, काही रक्कम रोख द्या, कागदावर किंमत कमी दाखवू. बायको म्हणते, घर घेतलंस तर तू रोज सकाळी बातम्या वाचून चिडणार, त्यापेक्षा नकोच. अशा नियमांच्या जंजाळात साध्या माणसाने घरात पैसे गुंतवावेत का?’

नमस्कार,

पत्राबरोबर तुम्ही हिशेबाचा कागद पाठवलात हे फार चांगलं केलंत. सरकारी आकडे तुम्ही लाल शाईने लिहिलेत आणि त्यापुढे उद्गारचिन्हंही टाकलीत. मी आधी ती लाल शाई बाजूला ठेवून उरलेला कागद तपासला. तुम्हीही माझ्याबरोबर एकदा तपासा.

वर्षाचं भाडं 4. दोन भाडेकरूंच्या मधे घर रिकामं राहतं, रंगरंगोटी होते, म्हणून वर्षाकाठी एक महिना वजा करा. उरले साधारण 3.7. देखभाल आणि स्थानिक कराचे 0.8 गेले की हातात 2.9. आणि 60 च्या कर्जावर 8 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज होतं 4.8. म्हणजे मुद्दल फेडायला सुरुवात होण्याआधीच वर्षाला 1.9 चा खड्डा. या खड्ड्यात सरकारचा वाटा किती? 0.8 पैकी निम्मे स्थानिक कराचे धरले तर 0.4. सरकारने एक पैसाही घेतला नसता तरी दीडचा खड्डा राहिलाच असता. तो कर्जाने पाडलाय. ‘भाड्यातच हप्ता निघेल’ हे वाक्य मित्राने तुम्हाला दिलं तेव्हाच ते चुकीचं होतं, नियमांची बातमी नंतर आली.

हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण राग चुकीच्या ठिकाणी बसला की निर्णयही चुकीचा होतो. उद्या जादा कराची बातमी खोटी ठरली, तर तुम्ही हायसं वाटून घर घेऊन टाकाल आणि खड्डा तसाच राहील.

आता सरकारकडे वळू. तुमच्या पत्रात सगळ्या नियमांची एकच मोट बांधली आहे. पण त्यांत तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

पहिला प्रकार, आज माहीत असलेले खर्च. खरेदीवरचा कर, नोंदणी, दरवर्षीचा स्थानिक कर, विकताना नफ्यावर लागणारा कर. हे टोचतात, पण ते सगळ्याच खरेदीदारांना ठाऊक असतात, आणि म्हणून बराचसा भार किमतीत आधीच उतरलेला असतो. घर घेणारा प्रत्येक शहाणा माणूस ‘एवढा कर मला भरायचाय, म्हणून मी एवढीच किंमत देईन’ असं म्हणतो आणि विकणाऱ्याला थोडं खाली यावं लागतं. तुम्हीही तसंच करा. यादीतल्या लाल आकड्यांचा उपयोग घासाघीस करायला होतो.

या प्रकारात तुमची खरी चूक मुदतीची आहे. घेताना 8 गेले, विकताना दलाली वगैरे 2 जातील, मिळून 10. पाच वर्षांत विकलंत तर दरसाल 2. म्हणजे घराची किंमत वर्षाला दोन टक्के वाढली, तर ती सगळी वाढ यातच जिरणार. हेच 10 पंधरा वर्षांवर पसरलं की वर्षाला 0.7 सुद्धा पडत नाही. कर तोच, घर तेच. अनेक सरकारं मुद्दाम अशीच रचना करतात, कारण आज घ्या उद्या विका अशी उलाढाल त्यांना थोपवायची असते. भाड्याचं घर किती वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर कर लागतो, ती मुदत न्यूझीलंडने 2021 मध्ये वाढवून 10 वर्षं केली आणि जुलै 2024 पासून ती 2 वर्षांवर आणली. सिंगापूरने एप्रिल 2023 मध्ये आपल्याच नागरिकांच्या दुसऱ्या घरावरचा जादा कर 17 वरून 20 टक्के केला आणि परदेशी खरेदीदारांसाठी तो 30 वरून थेट 60 टक्क्यांवर नेला. तिथे पाच वर्षांचा बेत मांडणाऱ्याचं काय होईल, तुम्हीच पाहा. त्यामुळे मी तुम्हाला आधी हेच विचारेन : पैसे दहा-बारा वर्षं अडकले तर चालतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं पत्र वाचायचीही गरज नाही, घर घेऊ नका.

दुसरा प्रकार सुरक्षिततेच्या नियमांचा. तुमच्या कागदावर याचा उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण तुम्ही पाहून ठेवलेली इमारत, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे, ‘जुनी पण स्वस्त’ आहे.

24 जून 2021 ला मध्यरात्र उलटल्यावर अमेरिकेत, फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे समुद्रकाठची बारा मजली निवासी इमारत कोसळली. 98 माणसं गेली. त्या इमारतीत पाणी मुरतंय, काँक्रीट खराब होतंय, हे 2018 च्या तपासणी अहवालात लिहिलेलं होतं. दुरुस्तीचा खर्च मोठा होता, वर्गणी कोणी किती द्यायची यावर वाद होते आणि काम लांबलं. अशा सभा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. कोणीतरी उठून म्हणतं, ‘या वर्षी जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू,’ आणि माना डोलतात. दुर्घटनेनंतर फ्लोरिडाने 2022 मध्ये कायदा केला. तीन मजले आणि त्याहून उंच जुन्या इमारतींची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. मुख्य दुरुस्तीसाठी राखीव निधी साठवणं सक्तीचं झालं आणि तो टाळण्याची मालकांची पळवाट बंद झाली. मग वर्षानुवर्षं न भरलेली वर्गणी एकदम मागायला सुरुवात झाली. अनेक मालकांना ती झेपली नाही, जुन्या इमारतींतली घरं विकणं अवघड होऊन बसलं.

ते मालक म्हणाले, नव्या कायद्याने आमचं दिवाळं काढलं. त्यांची ओढाताण खरी होती, मला त्यांच्याविषयी वाईटच वाटतं. पण तो खर्च कायद्याने आणलेला नव्हता. तो भिंतीत आधीपासून होता, कायद्याने तो फक्त बिलावर लिहिला. म्हणून ‘जुनी पण स्वस्त’ इमारत घेण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या : शेवटचा संरचना तपासणीचा अहवाल, राखीव निधीत किती शिल्लक आहे त्याचा कागद आणि मागच्या तीन सभांची इतिवृत्तं. इतिवृत्तात ‘दुरुस्तीचा विषय पुढील सभेवर’ हे वाक्य दोनदा सापडलं, तर त्या दुरुस्तीतला तुमच्या वाट्याचा अंदाज काढून किमतीतून वजा करा. विकणारा ऐकत नसेल तर उठून या.

कागदांचा विषय निघालाच आहे तर स्वतःचं सांगते. वीस वर्षांपूर्वी मी एक लहानसं घर गुंतवणूक म्हणून घेतलं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, ‘आठवड्याभरात येतंय’ असं बांधणाऱ्याने सांगितलं. मी विश्वास ठेवला, कारण मलाही तो सरकारी सोपस्कार वाटत होता. सात वर्षांनी विकायला काढलं. चांगलं गिऱ्हाईक मिळालं, भावही मनासारखा. त्यांच्या बँकेचा अधिकारी माझी फाइल चाळत होता. प्लास्टिकच्या पाकिटांतून एकेक कागद बघत तो एका रिकाम्या पाकिटाशी थांबला. त्याने ते पाकीट बोटाने उघडून आत पाहिलं, पुढचं उलटलं, पुन्हा मागे आला. मग फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. एवढंच. कर्ज नामंजूर, व्यवहार मोडला, आणि तो एक कागद मिळवायला मला पुढे चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मी जे सोसलं, त्यापुढे नोंदणीचा खर्च काहीच नव्हता.

‘सरकार मुळावर उठलंय’ हे वाचून मला तेच पाकीट आठवलं. तुम्ही 100 देऊन जे घेणार आहात त्यात विटा-सिमेंट थोडं आणि सरकारने पाठीशी उभं राहून दिलेला हक्क जास्त. हे घर तुमचंच, दुसरा कोणी येऊन काढून घेऊ शकत नाही, असं सांगणारी नोंद नसेल तर 100 कोण देईल? दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1858 मध्ये जमिनीचा हक्क थेट सरकारी नोंदवहीवर ठरवायची आणि त्या नोंदीची हमी सरकारनेच घ्यायची पद्धत सुरू केली. ती पुढे अनेक देशांनी उचलली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अशी हमी नाही, तर तिथे खरेदीदार हक्काचा विमा काढतात आणि त्याचे पैसे मोजतात. म्हणजे हमीचा खर्च कुठे ना कुठे होतोच. समोरचा रस्ता, पाणी, सांडपाणी यांनीही तुमच्या घराची किंमत वाढते, आणि ते तुम्ही बांधलेलं नाही. सरकारी खर्च नेहमी रास्त असतो असं माझं म्हणणं नाही. कित्येकदा नसतो. इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत, आणि लोक कर वाचवायला खिडक्या विटांनी बुजवून अंधारात राहत. वाईट कर माणसाला असाच वागायला लावतो. पण तुमच्या यादीतला नोंदणीचा आकडा त्या जातीचा नाही.

म्हणूनच दलालाच्या सूचनेवर मी जरा कडक बोलणार आहे. किंमत कमी दाखवणं हा गुन्हा आहे, तेवढं कारण पुरे. पण ‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेबही देते. खरी किंमत 100, कागदावर 80. उद्या 130 ला विकायची वेळ आली आणि समोरचा माणूस सगळी रक्कम बँकेतूनच देणारा निघाला, तर तुमचा खरा नफा 30 आणि कर लागणार 50 वर. म्हणजे आज वाचवलेला खरेदीकर उद्या नफ्याच्या करातून जाणार. वर जे 20 रोख दिलेत त्यांची पावती नाही. व्यवहार अर्ध्यावर फिसकटला तर ते मागायचे कोणाकडे आणि कशाच्या बळावर? हाच न्याय भाडेकराराला. करार नोंदवायचा खर्च वाचवलात तर तुमच्या आणि भाडेकरूच्या शब्दापलीकडे काही उरत नाही.

आता तुमच्या भावाचा सल्ला. कर भाडेकरूवर टाकायचा म्हणजे भाडं वाढवायचं. पण आज भाडं वाढवणं शक्य असतं तर कर नसतानाही तुम्ही ते वाढवलंच असतं, नाही का? भाडं मालकाच्या खर्चावर ठरत नाही. भाडेकरूच्या खिशात काय आहे आणि शेजारी किती घरं रिकामी आहेत, यावर ठरतं. शेजारच्या इमारतीतल्या मालकावर कर्ज नाही, तो जुन्या भाड्यात खुश आहे. तुमचा भाडेकरू उठून तिकडे जाईल. पुष्कळ वर्षांनी, कराला कंटाळून लोकांनी भाड्याची घरं बांधणंच कमी केलं तर भाडी चढतात, हे खरं. पण तोवर खड्डा तुम्हीच भरायचा.

तिसरा प्रकार उरला, आणि तुमची भीती मुळात त्याचीच आहे : घेतल्यानंतर बदलणारे नियम. इथे तुमच्या भीतीत तथ्य आहे. आधीपासूनचा कर किमतीत उतरलेला असतो, तुम्ही घेतल्यावर आलेला कर मात्र तुमच्याच अंगावर पडतो.

ब्रिटनचं उदाहरण तुमच्यासारख्याने नीट पाहावं. तिथे घर भाड्याने देणारी माणसं कर्जाचं व्याज भाड्यातून वजा करून उरलेल्यावर कर भरत. 2015 मध्ये सरकारने जाहीर केलं की ही वजावट जाणार. 2017 पासून टप्प्याटप्प्याने ती गेली, 2020 पर्यंत पूर्ण संपली, आणि तिच्या जागी फक्त 20 टक्के दराची सवलत आली. ज्यांनी बिनकर्जाचं घर दिलं होतं त्यांचं काहीच बिघडलं नाही. ज्यांनी मोठं कर्ज काढलं होतं आणि जे वरच्या करपट्टीत होते, त्यांच्यापैकी काहींच्या हातात व्याज भरून काही उरत नव्हतं, तरी कर लागला. एकच नियम, पण कोणाला बोचला आणि कोणाला बुडवून गेला, हे कर्जाने ठरवलं.

भारतात 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने घरविक्रीच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर 20 टक्क्यांवरून 12.5 केला, पण महागाईनुसार खरेदीकिंमत वाढवून धरण्याची सोय काढली. ओरड झाली, आणि महिन्याभरातच त्या तारखेआधी घेतलेल्या घरांसाठी निवासी करदात्यांना दोन्हींपैकी कमी कर भरायची मुभा मिळाली. जुन्या मालकांना असा दिलासा कधी मिळतो, कधी नाही. तो मिळेलच असं धरून घर घेऊ नये.

भाडेमर्यादेच्या बातमीने मात्र एवढं घाबरू नका. तिचं कलम वाचा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2019 मध्ये मर्यादा घातली ती महागाई अधिक 7 टक्के अशी, पुढे कमाल 10 टक्के. पंधरा वर्षांहून नवी घरं त्यातून वगळलेली. अशी मर्यादा साध्या मालकाला फारशी जाणवतही नाही. उलट मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराने 2021 मध्ये सरसकट 3 टक्के ठरवले, नव्या बांधकामालाही सूट दिली नाही. बांधकाम परवाने धडाधड घटले आणि वर्षाच्या आतच नव्या इमारती वगळायची वेळ आली. बर्लिनने 2020 मध्ये भाडी गोठवली, तो कायदा एप्रिल 2021 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने रद्दच केला, आणि ज्या भाडेकरूंनी कमी भाडं भरलं होतं त्यांच्याकडे फरक मागितला गेला. मालक आणि भाडेकरू दोघांचीही फरफट. तेव्हा तुमच्याकडे नियम आला तर हे तपासा : मर्यादा राहत्या भाडेकरूपुरती आहे की नव्या करारालाही लागू आहे? दुरुस्तीचा खर्च भाड्यात धरता येतो का? कोणती घरं वगळली आहेत?

पण त्याआधी तुमच्या कागदावरची ‘दरवर्षी 10 टक्के वाढ’ ही ओळ पुन्हा वाचा. तुमचा स्वतःचा पगार गेल्या पाच वर्षांत दरसाल 10 टक्क्यांनी वाढला का? नसेल, तर भाडेकरूचा कुठून वाढणार? त्या घरात कोणीतरी राहणार आहे, त्यालाही महिनाअखेर गाठायची आहे. भाडेवाढीवर मर्यादा आली काय आणि न आली काय, 10 टक्के तुम्हाला मिळणार नव्हतेच. तिथे 4 लिहा आणि मग बघा कसं दिसतं.

मग करायचं काय? घर घ्यायचंच असेल तर कर्ज 60 वरून 25-30 वर आणा. त्यासाठी लहान घर घ्यावं लागलं तरी चालेल, दोन वर्षं थांबावं लागलं तरी चालेल. कागदावर तीन वाईट वर्षं मांडून बघा : भाडं पाव हिश्शाने कमी, व्याज दोन टक्क्यांनी जास्त, घर वर्षातून तीन महिने रिकामं. त्या वर्षांत पगारातून किती घालावे लागतात तो आकडा काढा, आणि हेही लक्षात घ्या की तुमची निवृत्ती कर्ज फिटण्याआधी येते का. एका वर्षाचं भाडं वेगळं काढून ठेवल्याशिवाय व्यवहार करू नका. वकिलाकडून हक्काचा शोध अहवाल घ्या, शेजारच्या मोकळ्या जागेवर विकास आराखड्यात काय दाखवलंय ते बघा. कर सल्लागाराकडे एकदाच जा, पण दोन प्रश्न घेऊन जा : भाड्यावर कर किती, आणि अमुक वर्षांनी विकलं तर नफ्यावर किती. बहुतेक लोक फक्त पहिला विचारतात.

रोजच्या मुक्कामाला घर देऊन जास्त मिळवू, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या धंद्यावर सध्या जगभर नियम आवळले जाताहेत. न्यू यॉर्कने सप्टेंबर 2023 पासून नोंदणी सक्तीची केली, बार्सिलोनाने 2028 पर्यंत पर्यटकांसाठीच्या घरांचे परवाने संपवायचं जाहीर केलंय. निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्यावर भिस्त ठेवू नका.

आणि घर नकोच असं ठरलं तर मालमत्तेत पैसे लावायचे इतर मार्ग आहेत. अमेरिकेने 1960 मध्ये कायदा करून सुरू केलेले रीट, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून मालमत्ता घेणारे आणि शेअर बाजारात विकत घेता येणारे ट्रस्ट, आता बऱ्याच देशांत आहेत. त्यात थोड्या पैशांत मोठ्या इमारतींच्या भाड्याचा वाटा मिळतो. तिथे भाव बाजाराबरोबर वरखाली होतो, ते सहन व्हायला हवं. पण खरेदीचे 8 नाहीत, गळका नळ नाही, आणि नियम बदलला तर सकाळी विकून बाहेर पडता येतं.

तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. मला ते सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाटलं. मित्र, भाऊ, दलाल, तिघांनी तुम्हाला घराविषयी सांगितलं. तुमच्याविषयी बोलल्या त्या एकट्याच. नियम बदलत राहणार हे गृहीत धरून जो शांत झोपू शकतो, त्याने दुसरं घर घ्यावं. तुम्ही तसे आहात का, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बचत दोघांची आहे. नवा कागद करा, कर्ज 30, भाडेवाढ 4, मुदत बारा वर्षं, आणि तीन वाईट वर्षांचा आकडा वर ठळक लिहा. तो त्यांच्यापुढे ठेवा, आणि त्या वाचत असताना मधे बोलू नका.